अकरा नंबर खाटेचं वजन

कुंताबाईचं वजन रोज वाढत होतं आणि ते पाहून चंदाच्या तोंडचं पाणी पळत होतं.

चंदा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गोंदियातल्या एका दवाखान्यात तिची ड्युटी लागली होती आणि अकरा नंबरच्या खाटेवरची कुंताबाई तिच्या वाट्याला आली होती. पाच दिवस या एकाच बाईची सेवा करायची, रोज वहीत लिहायचं आणि शुक्रवारी सगळ्या पोरींच्या देखत रुख्मा मॅडमना उत्तरं द्यायची. चुकली तर ड्युटी पुन्हा पहिल्यापासून. रुख्मा मॅडम पोरींना रडवत नसत. त्यांना पाहून पोरी आपणहून रडत.

कुंताबाई दवनीवाड्याची. धानाची शेती, पाच सुना हाताखाली. हृदय थकून अंगात पाणी साचलं होतं, पाय सुजून खांब झाले होते. डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि चंदाला सांगितलं, "रोज सकाळी वजन घ्यायचं. वजन उतरलं म्हणजे पाणी उतरलं."

सोमवारी वजन चोपन्न. मंगळवारी साडेचोपन्न. बुधवारी पंचावन्न.

चंदाने आधी काट्यावर संशय घेतला. स्वतः चढून पाहिलं, सेहेचाळीस, नेहमीसारखं. मग संशय कुंताबाईवर गेला. म्हातारी चोरून पाणी पिते! तिने बाटली उचलून सिस्टरच्या टेबलावर ठेवली, दिवसाला मोजून पाच पेले पाणी ठरवलं आणि कुंताबाईचा थोरला लेक पुरनलाल, त्यालाही चहा आणायची बंदी केली.

"काऊन वो पोरी," कुंताबाई म्हणाली, "पान्याबिगर मारून राह्यली का मले? आमच्या घरी बैलालेबी इतकं तरसवत नाही."

"आजी, तुमच्या भल्यासाठीच करून राहिली."

"भलं होऊन राह्यलं, त मंग डोकं काऊन गरगर फिरते?"

चंदाने वहीत लिहिलं, 'पेशंट चिडचिड करते.' शिकलेल्या माणसाचं असंच असतं. दुसऱ्याची चिडचिड बरोबर लिहिता येते, त्याची तहान मात्र दिसत नाही.

गुरुवारी काटा छप्पन्नवर गेला. डॉक्टर नवे होते, तरणे होते. काट्यावरून परतणाऱ्या कुंताबाईचं शालीखालचं गरगरीत पोट पाहून ते थबकले.

"पोटातही पाणी झालं वाटतं. बघू."

कुंताबाईने पदर नाकापर्यंत आणि शाल हनुवटीपर्यंत ओढली. "परक्या मानसाचा हात नाही लागत आमच्यात."

डॉक्टरच लाजले. "सिस्टर, तुम्ही टेप लावा."

शाल काही सुटेना. "थंडी वाजते," कुंताबाई म्हणाली. चंदाने शालीवरूनच टेप गुंडाळली. घेर परवा खाटेवर मापला होता त्यापेक्षा तीन इंच जास्त!

"दुपारी सोनोग्राफी करू," डॉक्टर म्हणाले. "गरज पडली तर सुई घालून पाणी काढू. तोवर गोळी दुप्पट."

"पोटात सुई?" पुरनलाल मटकन खाली बसला आणि बसल्या बसल्या त्याने गावाला फोन लावला. तासाभरात दवनीवाड्याहून दोन ऑटो भरून माणसं आली. आजाऱ्याला पाहायला आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. कोणी सफरचंद आणलं, कोणी ग्लुकोजचा डबा, कोणी बिस्किटांचे पुडे. बायका खाटेभोवती बसून आतापासूनच डोळे पुसू लागल्या.

चंदाने दुप्पट गोळी हातात घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"देण्याआधी काय पाहिलंस?"

रुख्मा मॅडम.

"वजन, मॅडम."

"आणखी?"

"घेर."

"कागदाला सूज येत नसते, चंदा. पाय उघड."

चंदाने पायांवरून शाल सारली. सोमवारी चांदीचे तोडे मांसात रुतून बसले होते. आज ते घोट्यावरून घसरून टाचेला टेकले होते. नडगीवर बोट दाबलं, खड्डा पडला नाही. जीभ पाहिली, वाळल्या पापडासारखी. बीपी पाहिलं, खाली.

"पाय सुकले, जीभ सुकली, बीपी पडलं," मॅडम म्हणाल्या. "मग पाणी कुठं आहे?"

"नाहीच, मॅडम."

"मग वाढलं काय?"

"मले... मला नाही माहीत."

"चार दिवसांत हे पहिलं खरं बोललीस. परत वजन घे."

कुंताबाई उठली. "बायांनो, जरा तिकडं तोंड करा," म्हणत तिने शालीआड काहीतरी आवरलं आणि निघाली. चार पावलांवर तिला भोवळ आली. चंदाने धावत जाऊन कमरेला मिठी मारली आणि किंचाळली, "मॅडम! पोटात गोळा हाय, केवढा मोठा!"

"गोळा कायचा वो?" कुंताबाई डोळे मिटूनच म्हणाली. "नारळ होये तो."

खाटेवर बसवून चंदाने लुगड्याचा ओचा सोडला. दोन नारळ निघाले. मग सफरचंदं, ग्लुकोजचे डबे, लाडवांचा स्टीलचा डबा, पितळी पानपेटी आणि बिस्किटांचे पुडे, ते तर संपेचनात. सोमवारी ती वजनाला गेली आणि आली तोवर खाटेवरची डझनभर केळी गायब झाली होती. तेव्हापासून काट्यावर जाताना ती सगळी भेट ओच्यात बांधून नेत होती. पाहुणे वाढले, ओचा वाढला.

"आजी, सांगितलं काऊन नाही?"

"तू म्हनली काट्यावर चढा, मी चढली. ओच्यात काय हाय, हे कोनं इचारलं?"

रिकाम्या ओच्याने वजन भरलं साडेएकोणपन्नास. म्हणजे पाणी कधीच उतरलं होतं, आणि आता बाईच वाळत चालली होती. चंदाने ती दुप्पट गोळी परत ठेवली आणि स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे गेली.

"सर, तीन दिवसांचं वजन चुकलं. माझी चूक. मी अंगावर काय हाय ते पाहिलंच नाही."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. तिच्याकडे पाहिलं, मग आपल्याच कागदावरच्या सहीकडे पाहिलं. गोळी बंद झाली, सोनोग्राफी रद्द झाली आणि कुंताबाईने गडवाभर पाणी एका दमात पिऊन ढेकर दिला. रात्री चंदाने वहीत सगळं होतं तसं लिहून काढलं आणि नापास व्हायची तयारी करून झोपली.

शुक्रवारी सगळ्या पोरी रांगेत उभ्या. आधी वजन घ्यायचं होतं. पण कुंताबाई सामान सोडून हलेना.

"पुरनलाल आंघोळीले गेला. राखन कोन करन?"

पोरींपैकी कोणावर तिचा भरवसा नव्हता. अखेर रुख्मा मॅडम पुढे झाल्या आणि खाटेवर बसल्या. कुंताबाईने दोन्ही नारळ त्यांच्या मांडीवर ठेवले, बाकीचं सगळं पदरात ओतलं. मॅडमना हलता येईना. पोरींना हसता येईना.

वजन पन्नास भरलं, भोवळ नाही. कुंताबाई परतली, सामानावरून नजर फिरवली आणि थांबली.

"एक बिस्कीटपुडा कमी हाय."

"बारा नंबरची बाई उपाशीपोटी गोळी घेत होती," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पोरींनी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "मी... दिला तिला."

"मले इचारलं असतं, त दोन देल्ले असते."

"चुकलं माझं."

कुंताबाईने पदरातलं सामान एकेक करून उचललं, पण नारळ मॅडमच्या मांडीवर तसेच राहू दिले. मॅडमनी मान खाली घालूनच चंदाची वही मागितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि 'पास' लिहून सही केली.

प्रश्न एकही विचारला नाही.