गंगीचा उपास

जळगाव जामोदात पुष्पाबाईंना उपास कसा धरावा हे कोणी शिकवायची सोय नव्हती. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादशा, त्यात मनात येईल तो नेम. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टर दीपमाला जेव्हा म्हणाल्या, "काकू, गंगीच्या शिंगात कॅन्सर हाय, उद्या शिंग कापू. आजपासून चारापाणी बंद. भरल्या पोटी भूल देल्ली तं पोट फुगते, जीव जाऊ शकते," तेव्हा पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, "उपाशी ठेवायचं माह्यावर सोडा."

दवाखान्यातलं भुलीचं औषध संपलेलं. डॉक्टरांनी खटपट करून खामगावहून एकच बाटली मिळवली होती.

कोणी गायीला घास घालू नये म्हणून पुष्पाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "आज गंगीले उपास हाय." स्वतःही निर्जळी धरली.

सकाळी डॉक्टरांनी गायीची डावी कूस दाबली. कूस ढोलकीसारखी ताठ.

"काकू, हे उपाशी पोट नाही."

"देवाशपथ, काडी देल्ली नाही."

तेवढ्यात गंगीने संथ ढेकर दिली. उकडलेल्या रताळ्याचा वास सुटला.

शेजारच्या कलाबाई पुढे सरकल्या. "म्या रताळीच देल्ली. उपासाले चालतात न?"

"म्या भगर," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मुकं जनावर, कोरडं कसं ठेवावं?"

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शेषराव खांबाकडे बघत होते.

"तुमी बी?"

"राजगिऱ्याचा लाडू," शेषराव पुटपुटले. "तू उपाशी, ते उपाशी. मलेच घास उतरे ना."

डॉक्टरांनी बाटली पिशवीत ठेवली. "वरवट बकाल गावचा बैल ऑपरेशनसाठी अडून हाय. त्याले देऊन एका जनावरापुरतं उरन. परवा येतो. तवाही असंच झालं तं दुसरी बाटली कवा भेटन, सांगता येत नाही. अन् शिंग काही थांबत नाही."

आपली भूक पुष्पाबाई हसत सांभाळायच्या. दुसऱ्या जिवाची भूक सांभाळणं इतकं जड असतं, हे त्यांना आज उमगलं. या खेपेला त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चारापाणी पुन्हा बंद करून जपमाळ घेऊन गोठ्याच्या दारातच बसल्या. गंगी हंबरली की त्या माळेकडे बघत.

ठरल्या दिवशी डॉक्टर आल्या. "काही देल्लं?"

"नाही."

"तीर्थ?"

पुष्पाबाईंनी जपमाळेचे दोन मणी ओढले. मग म्हणाल्या, "चमचाभर."

"अन् प्रसाद?"

त्यांनी मूठ उघडली. गुळाचा खडा पाघळून तळहाताला चिकटला होता. "आणला, पण देल्ला नाही. शुद्धीवर आली का देऊ?"

डॉक्टरांनी कूस दाबली. मऊ होती. त्या सुई भरू लागल्या. "नीट उभी राह्यली का द्या."

पुष्पाबाईंनी मूठ पुन्हा मिटली.

"तवरोक," शेषराव म्हणाले, "मुंग्याच उपास सोडतीन."