त्वेटांच्या माळ्याचे झाकण

श्री. मर्ल त्वेट यांचे माळ्याचे तोंड कैसे बंद जाहले, याची हकीकत जाणत्यांनी पुसली, ती ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले असेल, तर ते शोभेपुरतेच.

मिनेसोटा प्रांती, जानेवारीचे अमलात, राजश्री मर्ल, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, यांचे शयनगृही छतास माळ्यावर चढावयाचे चौकोनी भोक होते, आणि त्यावर पातळ फळीचे झाकण होते, आणि त्याचे फटींतून थंडी नामे गनीम उतरोन थेट पत्नी आर्डिसबाईसाहेबांचे उशीवर ठाणे देत असे. मग बाईसाहेबांनी फर्मान काढिले जे, रविवारपावेतो बंदोबस्त न जाहल्यास आपण ॲरिझोनाचे उष्ण मुलखी भगिनीकडे जाऊ आणि बर्फ वितळल्याखेरीज परतणार नाही. मर्लसाहेबांचे काळीज चरकले. कारण बाईसाहेबांवाचून त्यांस करमत नसे, आणि हे गुपित त्यांनी आजवर कोणास, खुद्द बाईसाहेबांसही, कळू दिले नव्हते.

मग मसलत जाहली आणि सरंजाम जमविला: फोमचे जाड गुलाबी तक्ते, सरस, आणि कडेस लावावयाची रबरी पट्टी. सरसाचा दर्प खाली दरवळू नये म्हणोन खाशा मर्लसाहेबांनी झाकणासुद्धा माळ्यावरच तळ दिला, आणि तक्त्यावर तक्ता चढवोन झाकणाचे पाठीस चिकटविला, आणि नेमके बसते की नाही ते पाहावे म्हणोन वरूनच चौकटीत दाबिले. ते ऐसे बसले की हालेना. धरावयास मूठ नाही. खासे वर, शिडी खाली.

बाईसाहेबांचे गुडघे शिडीस राजी नव्हते; सबब शेजारचे सरदार लॉयड हेगस्टाड यांस कुमकेस पाचारण केले. त्यांनी झाकणाखाली उभे राहोन हाक दिली.

"मर्ल, अडकलास का रे? खालून ढकलू?"

"छे छे, तू कशाला त्रास घेतोस! मजेत आहे मी."

"नक्की?"

"अगदी!"

त्या मुलखी शिरस्ता ऐसा जे, मदत दोनदा नाकारावी आणि तिसऱ्यांदा पुसल्यास घ्यावी. आधी घेईल तो हावरट. परंतु तिसरा सवाल निघावा तो बाईसाहेबांनी कॉफीचे नाव काढिले, आणि सरदार मुदपाकखान्यात गेले, आणि कॉफीवर खजुराच्या वड्या जाहल्या, आणि वड्यांवर गोठल्या तळ्यातील मासेमारीची गोष्ट निघाली. वर मर्लसाहेब कुडकुडत होते, परंतु रीत सोडिली नाही.

"अरे हट्टी माणसा, हो म्हण की!" बाईसाहेब झाकणाखाली येऊन ओरडल्या.

"त्यानं विचारलंय कुठं अजून?"

मग सरदार निरोप घेते जाहले. तेथील निरोप म्हणजे स्वतंत्र मोहीमच: खुर्चीतून उठावे, दाराशी थबकावे, टोपी चढवोन नवा विषय काढावा. सरतेशेवटी ते झाकणाखाली आले.

"चल, निघतो मी. म्हणजे खरंच ढकलायला नको ना?"

"आता तू एवढं म्हणतोयसच, तर…"

सरदारांनी शिडी चढोन खांद्याने रेटा दिला, आणि झाकण उचकटले, आणि मर्लसाहेब निळे होऊन उतरले. तोच पलंगाचे कडेवरून हुकूम सुटला, "आधी ते लाव बघू! गार येतंय. इतका वेळ काय छान ऊब होती!"

झाकण शिडीवरूनच चौकटीत बसविले. बाईसाहेबांनी उशीवर मस्तक ठेविले, तळहात वर धरोन वारा चाचपिला. दोघे मर्द शिडी धरोन उभे.

"वाईट नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

त्या मुलखी याहून थोर किताब नाही. विवाहसमयीही तो मर्लसाहेबांस लाभला नव्हता.

येणेप्रमाणे गनीम छपराबाहेर राहिला, ॲरिझोनाची स्वारी रहित जाहली, फत्ते जाहली. मर्लसाहेब "चालायचंच" इतकेच बोलोन खिडकीकडे वळले आणि डोळे पुसते जाहले. डोळ्यांत फोमचा भुगा गेला होता, ऐसे लिहावे, ही त्यांची आज्ञा. सबब तैसेच लिहिले असे.