पहिल्या टोचणीचे बाळाराम

भिवंडीत यंत्रमाग किती आहेत हे कोणी विचारू नये, आणि बाळाराम भोईर यांची टोचणी किती वेळा चुकली हेही कोणी विचारू नये. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि दुसऱ्याचे उत्तर शून्य आहे! निदान सन दोन हजार चारच्या फेब्रुवारीपर्यंत तरी ते शून्यच होते.

निजामपुऱ्यातील एका अरुंद गल्लीत, खाली माग आणि वर खाटा अशा रचनेचे एक छोटेखानी रुग्णालय होते. तेथे बाळाराम बावीस वर्षे कंपाउंडर होते. खालच्या मागांचा खडखडाट इतका अखंड की, ‘आता बरं वाटतंय’ हे वाक्यसुद्धा तेथे भांडल्यासारखे बोलावे लागे. अशा गदारोळात बाळाराम रुग्णाच्या हातावर दोन बोटे ठेवीत, डोळे मिटीत, आणि शीर जणू हाक ऐकून वर येई. एक टोचणी, बस्स! दुसरी टोचणी त्यांनी शत्रूलाही दिली नव्हती.

या कीर्तीचा विनियोग त्यांनी केवळ रुग्णसेवेत केला, असे मात्र नाही. मानकोलीचे केसरीनाथ हे त्यांचे भावोजी. जमिनीवर गोदामे उठल्यापासून केसरीनाथांच्या गळ्यातील साखळी दरवर्षी एका बोटाने जाड होत चालली होती. त्यांची कन्या उन्नती हिच्यासाठी अकलोलीच्या हिरामण यांच्या मुलाचे स्थळ बाळारामांनीच आणले होते. बोलणी करताना त्यांनी अकलोलीकरांना ठणकावून सांगितले होते, “मुलीचा मामा पहिल्या टोचणीचा माणूस हाय! त्याने जोडलेला धागा सुटत न्हाय.”

बुधवारी सुपारी देऊन सोयरीक पक्की करायची ठरली, आणि सोमवारी केसरीनाथांना टायफॉईड, म्हणजेच विषमज्वर झाला!

डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतले. सलाईन आणि दिवसातून दोनदा शिरेतून इंजेक्शन. त्यांच्या पत्नी, म्हणजेच बाळारामांच्या बहीण राहीबाई, पदराने डोळे पुसू लागल्या. “दादा, बुधवारचा काय करायचा? ती गोदूबाय परत येयाची न्हाय!”

गोदूबाई म्हणजे हिरामण यांची थोरली बहीण. अकलोलीच्या कुंडातले पाणी अधिक गरम की गोदूबाईंचा स्वभाव, यावर त्या गावात दोन मते होती.

“राहीबाय, रडतेस कशाला?” बाळाराम उद्गारले. “पाव्हण्यांना हितंच आणतो. शब्द द्यायला हात लागतंय, घर कुठं लागतंय?”

वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवावे.

मग बाळाराम सुई लावण्यास सज्ज झाले. सुई असे म्हणायचे, वास्तविक शिरेत राहते ती प्लास्टिकची बारीक नळी. शेजारी सिस्टर आसावरी उभ्या होत्या. त्या सहा महिन्यांपूर्वी शिकून आलेल्या. वडील कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे प्रत्येक गोष्ट लिहून ठेवण्याची घराण्यातच रीत. त्या प्रत्येक सुईच्या पट्टीवर तारीख, वेळ आणि लावणाऱ्याचे नाव लिहीत, आणि कामाची पाळी बदलली की सूज आहे का, लाली आहे का, हे बोट फिरवून पाहत.

“बाळारामकाका!” त्या मागांच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. “आधी जेवायचा हात विचारा! आणि कोपराच्या सांध्यात नको हं, हात वाकला की नळी हलते!”

“सिस्टर, ही शीर बघा!” बाळारामांनी केसरीनाथांच्या उजव्या कोपराच्या खळगीवर थाप मारली. “मुंबई-आग्रा रस्ता हाय नुसता! असा रस्ता सोडून गल्लीत गाडी कोण घालील?”

“सुई तुमची असेल, काका. शीर पेशंटची आहे.”

परंतु तोवर सुई आत गेली होती. पहिल्याच टोचणीत! बाळारामांनी वळून असे पाहिले, की जणू आता हारतुरे येतील.

मात्र हात वाकता कामा नये होता. तेव्हा त्यांनी खालच्या मागवाल्याकडून कापडाचा तागा गुंडाळायचा जाड पुठ्ठा आणविला आणि केसरीनाथांचा उजवा हात खांद्यापासून पंजापर्यंत त्यावर सरळ बांधून टाकला. तो हात आता थेट पुढे ताठ उभा राहिला. रिक्षा थांबविणाऱ्या माणसाचा असतो, तसा! शेजारच्या रुग्णाला भेटायला जिना चढून आलेला एक ओळखीचा रिक्षावाला खरोखरच आत डोकावून गेला, “किधर जाना है, सेठ?”

यापुढील दोन दिवस केसरीनाथांनी जे भोगले, ते शत्रूच्या वाट्याला न येवो. उजवा हात तोंडापर्यंत येईना, आणि डाव्या हाताने घास घेणे त्यांच्या सात पिढ्यांत घडले नव्हते. राहीबाई भरवू लागल्या. त्यात नाकावर माशी बसली की केसरीनाथ हाक मारीत, “राही! नाक!” आणि राहीबाई धावत येऊन नाक खाजवीत.

“बालाराम,” ते मंगळवारी कळवळून म्हणाले, “ती डाव्या हातान् घाल ना रं! सिस्टर सांगतंय ती बरोबर सांगतंय.”

“भावोजी, लागलेली सुई काढू? पहिल्या टोचणीची?” बाळाराम दुखावले. “देवळाचा कळस उतरवायला सांगताव तुमी!”

आसावरी सिस्टरांनी कागदावर नोंद केली.

बुधवार उजाडला. डॉक्टरांनी पाहुण्यांना अर्ध्या तासाची परवानगी दिली होती. अकराच्या सुमारास हिरामण आणि गोदूबाई जिना चढून आले. केसरीनाथ नव्या सदऱ्यात उशीला टेकून बसले होते. सदऱ्याची उजवी बाही अर्थातच कापलेली होती. ताठ हात पुढे.

हिरामण भोळा माणूस. समोर हात दिसला, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बोअरिंगचा हातपंप मारावा तसा प्रेमभराने हलविला. “बरा व्हा, व्याही, लवकर बरा व्हा!”

“आयो!” केसरीनाथांच्या तोंडून शब्द निसटला, परंतु मागांच्या खडखडाटात तो आशीर्वादासारखा ऐकू आला.

पेढे झाले, चहा झाला. राहीबाईंनी ताटात नारळ, सुपारी आणि विड्याची पाने ठेवून ताट यजमानांपुढे धरले. केसरीनाथांनी उजवा हात उचलून पाहिला. पुठ्ठा ताटावर आपटला, पाने उडाली. मग त्या बिचाऱ्याने नाइलाजाने डाव्या हाताने नारळ उचलला आणि पुढे केला.

गोदूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी भावाचा पुढे आलेला हात मागे ओढला.

“डाव्या हातान्? आमचे पोराला डाव्या हातान् सोयरीक देताव?”

“आत्याबाय, उजवा बांधलेला हाय!” राहीबाई ओरडल्या.

“कोनी बांधला?”

बाळाराम भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले.

“मी इचारतंय, कोनी बांधला?”

“यान्!” केसरीनाथ म्हणाले, आणि दाखवायला त्यांना हात उचलावा लागला नाही, तो आधीपासूनच नेमका बाळारामांकडे रोखलेला होता.

“पहिल्या टोचणीचा मामा तो ह्योच क?” गोदूबाईंनी बाळारामांना आपादमस्तक न्याहाळले. “यान् आनलेली सोयरीक अशी, मंग पुढचा काय? चल रं हिरामण!” आणि जाता जाता त्या थबकल्या. “अगो बाय! हा हात फुगतंय!”

सर्वांनी पाहिले. हस्तांदोलनाने नळी शिरेबाहेर निसटली होती आणि सलाईन कातडीखाली जमा होत होते. कोपर पाहता पाहता वाटीएवढे झाले, वाटीचे तांब्याएवढे होऊ लागले!

आसावरी सिस्टर धावत आल्या. प्रथम त्यांनी सलाईन बंद केले, हाताला स्पर्श केला. “थंड लागतोय, ताणलाय. सुई शिरेत नाही.” त्यांनी पुठ्ठा सोडला, सुई काढली, कापूस दाबून धरला आणि हाताखाली उशी ठेवली. “घाबरायचं काही नाही, उतरेल ही सूज. पण बाराचं इंजेक्शन आहे. दुसरी सुई आधी लावायला हवी, डाव्या हाताला. आजी, तुम्ही दहा मिनिटं बसाल का? मग उजवा हात मोकळाच आहे.”

‘आजी’ या संबोधनाने असो किंवा त्या मुलीच्या शांत हातांमुळे असो, गोदूबाई स्टुलावर बसल्या. “धा मिंटं. घड्याल बघून.”

बाळारामांनी जाणले, की आता केवळ एक शीर नव्हे, भाचीचा संसार त्यांच्या दोन बोटांखाली आहे. ते पुढे सरसावले. “आत्याबाय, आता बघा! एक टोचणी!”

त्यांनी डाव्या पंजावर दोन बोटे ठेवली. डोळे मिटले. शीर आली नाही. दोन दिवसांच्या तापाने आणि अर्धपोटी जेवणाने डाव्या हाताच्या शिरा जणू माहेरी गेल्या होत्या! त्यांनी अंदाजाने टोचले. शीर लागली की नळीत रक्त दिसते. रक्त नाही.

“झाला?” गोदूबाईंनी विचारले.

“ती... जागेची पाहणी होती!” बाळाराम म्हणाले. नवी सुई घेऊन त्यांनी मनगटाच्या वर टोचले. केसरीनाथांनी ओठ चावला. रक्त नाही.

बावीस वर्षांत प्रथमच बाळारामांच्या कपाळावर घाम आला. गोदूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. चार मिनिटे उरली होती. खाली माग वाजत होते, खट्-खटाक्, खट्-खटाक्. त्या कल्लोळाचा आडोसा घेऊन बाळाराम आसावरी सिस्टरांच्या कानाशी वाकले आणि सर्व शक्तीनिशी कुजबुजले. म्हणजे भिवंडीत कुजबुजतात तसे, घसा फाडून:

“सिस्टर! मना शीर सापडत न्हाय! तुमी टोचा! पन...”

आणि त्याच क्षणी लाईट गेली! भारनियमनाचे वेळापत्रक कधी नव्हे ते पाळले गेले. पंखा थांबला. खालचे माग एकामागून एक गप्प झाले. आणि त्या अभूतपूर्व शांततेत, सहा खाटा, दोन व्याही, एक आत्याबाई आणि जिन्यावरचा चहावाला यांच्या साक्षीने बाळारामांचा आवाज दुमदुमला:

“...पन नाव माझाच राहू द्या!”

बाहेर कुठेतरी एक कोंबडा आरवला, तोही स्पष्ट ऐकू आला.

बाळारामांनी मान खाली घातली. त्यांच्या हातातील सुई त्यांनी मुकाट्याने ताटलीत ठेवली, आणि भाचीची सोयरीक आपण स्वतःच्या तोंडाने मोडली, या जाणिवेने त्यांचे डोळे भरून आले.

प्रथम हसल्या त्या गोदूबाई! पदर तोंडाला लावून, स्टूल डुगडुगेपर्यंत. “अरं मेल्या,” त्या म्हणाल्या, “येवढा सरळ मानूस मी बगला न्हाय! चुकी क्येली ती क्येली, नि ती बी वरडून सांगितली! लबाडाचे घरची पोर न्हाय ही. हिरामण, बस खाली.”

आसावरी सिस्टरांनी केसरीनाथांना डावा हात खाटेखाली सोडायला सांगितला, मूठ उघडझाप करविली, गरम पाण्याच्या फडक्याने हात शेकला. खिडकीच्या उजेडात एक निळसर रेघ हळूच वर आली. सांध्यापासून दूर, हाडाच्या आधाराची. टोचले. नळीच्या मागे रक्ताचा थेंब चमकला.

“आली!” बाळाराम सर्वांआधी ओरडले, इतक्या अभिमानाने की जणू ती शीर त्यांच्याच घरची होती.

मग केसरीनाथांनी सुजलेल्या, परंतु मोकळ्या उजव्या हाताने नारळ आणि सुपारी हिरामण यांच्या हाती दिली. गोदूबाईंनी तो हात खालून अलगद पेलून धरला. त्यानंतर यजमानांनी त्याच हाताने दोन दिवसांत प्रथम स्वतःचे नाक स्वतः खाजविले, आणि तो आनंद सोयरिकीच्या आनंदाहून किती कमी होता, हे सांगणे कठीण!

आसावरी सिस्टरांनी नव्या पट्टीवर नेहमीप्रमाणे नोंद लिहिली. बाळारामांनी चोरून वाचली. तारीख, वेळ, आणि पुढे सुवाच्य अक्षरांत: ‘लावणारे: श्री. बाळाराम भोईर.’ पोरीने शब्द राखला होता! त्याखालीही एक ओळ होती. ती वाचून ते किंचित खोकले.

तिसऱ्या दिवशी ती सुई निघाली तेव्हा पट्टीवरचा तो कागद त्यांनी मागून घेतला आणि पाकिटात ठेवला, खालची ओळ आत जाईल अशी घडी घालून. तेव्हापासून ते प्रत्येक रुग्णाला आधी जेवायचा हात विचारू लागले. नव्याने आलेल्या सिस्टरांना तर ते ऐटीत सांगत, “हा नियम या रुग्णालयात पहिल्यांदा आमच्याच घरच्या माणसावर पाळला गेला!”

मे महिन्यात मानकोलीला लग्न थाटात लागले. मांडवात बँड असा वाजत होता, की निजामपुऱ्याचे माग लाजावेत. बाळारामांनी वरपक्षाच्या मंडळींना एकेक करून तो कागद दाखविला. गोदूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. परंतु घडी कशासाठी घालतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी कागद हातातून काढून घेतला, उलगडला आणि नव्या सुनेपुढे धरला.

“उन्नती, खालचा काय लिवलाय तो वाच गो! मोठ्यान् वाच, बँड वाजतंय!”

मामाने हाताने खुणा केल्या, डोळ्यांनी विनवणी केली. पण नव्या नवरीला सासरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द कसा मोडवेल? तिने छाती भरून श्वास घेतला आणि सर्व शक्तीनिशी वाचले:

“प्रयत्न तिसरा!”

आणि नेमक्या त्याच क्षणी बँड थांबला.