निंबा सरांची साखळी

निंबा सरांच्या जवळ नवे कपडे घालून जायचं नाही, हे आमच्या शाळेत नव्याने आलेल्या प्रत्येक शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. नवा कपडा दिसला की सर "वा, वा" करत जवळ यायचे. पदराचा नाहीतर बाहीचा एखादा सुटा धागा अलगद ओढायचे, खिशातली काडेपेटी काढून त्याला काडी लावायचे आणि डोळे मिटून धूर हुंगायचे. मग निकाल. "सुती शे. घाला बिनधास्त." किंवा, "दुकानदारनी फसाडं तुमले, मॅडम. हाऊ पॉलिएस्टर शे." आणि वर ठरलेलं वाक्य, "माणूस खोटं बोलस, धूर नही."

सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी शिकवते. शाळा शहाद्याजवळच्या एका गावात. आजूबाजूला केळी, पपई, ऊस आणि ज्यांची ही शेतं आहेत त्यांची मुलं. शाळेला लागून वसतिगृह, तिथे सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुलं. दोन्हीकडची मुलं एका वर्गात बसायची, पण बाकं वेगळी. कोणी तसं ठरवून दिलेलं नव्हतं. तसंच होतं.

दहावीच्या पुस्तकात बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा, धडा आहे. प्लास्टिक, नायलॉन, रबर वगैरे. तो आला की सरांना लग्नघरासारखा उत्साह चढायचा. एरवी ते वर्गात प्रमाण मराठी बोलायचे. या धड्याला मात्र अहिराणी सुटायची. "बहुवारिक!" ते मला स्टाफरूममध्ये विचारायचे, "हा शब्द तुमच्या मराठीवाल्यांनीच काढला ना? पोरगं घाबरी जास ना भो!"

एकदा मी नववीच्या मुलांना 'प्लास्टिकचा राक्षस' असा निबंध दिला, तर सर माझ्यावर उखडले. "ठिबकची नळी राक्षस? सलाईनची नळी राक्षस? फेकणारा माणूस कोण मग, देव?" त्यांनी लगेच वर्गाला उलटा गृहपाठ दिला. घरातली एक प्लास्टिकची वस्तू आणायची आणि ती नसती तर काय अडलं असतं ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी कंगवे आले, डबे आले, केळीच्या घडावर चढवायची निळी पिशवी आली. वसतिगृहातल्या रमिलाने काळ्या मेणकापडाचा हातभर तुकडा आणला होता.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"घर," रमिला म्हणाली. "गुजरातला ऊसतोडीला जातो तेव्हाचं."

वर्ग हसला. सरांनी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक वस्तूचा कोपरा जाळून पाहिला होता. त्या तुकड्याला मात्र काडी लावली नाही. घडी घालून तिला परत दिला. म्हणाले, "जपून ठेव."

सरांचं वाईट व्हायला सुरुवात झाली ती एका पैठणीपासून. स्नेहसंमेलनाला संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब सपत्नीक आले होते. बाईंच्या अंगावर जांभळी पैठणी. दादासाहेबांनी वाढदिवसाला खास येवल्याहून आणलेली, असं त्या दर दोन मिनिटांनी सांगत होत्या. आम्ही सरांना मागच्या रांगेत बसवलं होतं. पण चहाच्या वेळी ते निसटले. मी वळून पाहीपर्यंत काडी पेटली होती.

"केस जळाना वास येस नही," सर डोळे मिटून म्हणाले. मग धाग्याच्या टोकाला झालेली काळी टणक गाठ त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवली. "रेशीम असतं तर राख झाली असती, ताई. हाई सुरतनी शे."

बाईंनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेबांनी सरांकडे पाहिलं. सर खुशीत होते. विज्ञानाचा विजय झाला होता, आणि बाकी काही झालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी, ती मुलं दहावीत गेल्यावर, बहुवारिकांचा धडा आला. सरांनी वर्ग मैदानात नेला. "तुम्ही सगळे इथिलीन! आपलाच डावा हात आपल्याच उजव्या हाताने घट्ट धरा. हा दुहेरी बंध. म्हणजे काय? स्वतःतच गुंतलेला माणूस. आता बंध तोडा आणि शेजारच्याचा हात धरा. झालं पॉलिथिन!"

मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. मुलं ओरडत, खिदळत हात धरू लागली. मुलगे एका बाजूने, मुली दुसऱ्या बाजूने, अशी आपापली सोय त्यांनी लावलीच. मुलींच्या रांगेत मात्र मध्येच हातभर जागा रिकामी राहिली. एका बाजूला काजल, गावातल्या मोठ्या बागायतदाराची मुलगी. दुसऱ्या बाजूला रमिला. दोघी समोर बघत उभ्या.

"साखळी तुटनी!" सर ओरडले. कोणी हललं नाही. तेव्हा ते स्वतः त्या जागेत जाऊन उभे राहिले, दोघींचे हात धरले. "मी बी इथिलीन शे," म्हणाले. सगळे हसले, काजलसुद्धा. मग सर म्हणाले, "आता मी निघतो. पुस्तकातल्या साखळीत सर नसतात." आणि त्यांनी दोघींचे हात एकमेकींच्या हातात देऊन टाकले. काजलने रमिलाचा हात सोडला नाही. उलट तिनेच रमिलाला ओढलं आणि सगळी रांग मैदानभर धावत सुटली. मी इतकी वर्षं शिकवतेय. मुलं एखाद्या धड्यासाठी अशी धावलेली मी पाहिली नव्हती.

कुंपणाबाहेरून काजलचे काका मोटरसायकलवर चालले होते. ते थांबले.

दोन दिवसांनी संस्थेची बैठक बसली. तक्रार होती, की निंबा सर मुलामुलींना एकमेकांचे हात धरायला लावतात; वयात आलेल्या मुली आहेत, गावाची अब्रू आहे. मी उभी राहून म्हणाले, "दादासाहेब, ज्या दोघींवरून हे चाललंय, त्या दोघीही मुलीच आहेत."

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवा," दादासाहेब म्हणाले. अगदी गोड आवाजात.

मग सरांकडे वळले. "चूक झाली म्हणा. विषय संपला."

"कसानी चूक?" सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "दादासाहेब, हात धरल्याशिवाय पॉलिमर व्हस नही ना."

कोणीतरी हसलं. दादासाहेब हसले नाहीत.

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं असताना सरांची बदली संस्थेच्या लांबच्या, खापर गावातल्या शाळेत झाली. निरोपसमारंभ झाला नाही, कारण त्या दिवशी हॉल रिकामा नव्हता. हॉलमध्ये काय होतं म्हणाल, तर कुलूप होतं. काजलला तिच्या घरच्यांनी शहाद्याच्या शाळेत घातलं. रमिला दिवाळीनंतर आलीच नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता.

सर निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन खोल्या, बांधलेली पुस्तकं, एक लोखंडी पेटी. भिंतीवर एका बाईचा फोटो, परिचारिकेच्या पांढऱ्या साडीतला. गळ्यात मात्र चांदीची जाड हसळी, सातपुड्यातल्या बायका घालतात तशी. सरांचं लग्न झालं होतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला लख्ख घासलेल्या स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. स्वतः प्लास्टिकच्या एका जुन्या गिलासातून प्यायला लागले. मूळ रंग ओळखू येऊ नये इतका तो पिवळा पडला होता.

"हा कुठला नमुना?" मी उगाच हसत विचारलं.

"हाऊ तिना शे," त्यांनी फोटोकडे मान केली. "मन्ही मायनी तिले येगळा ठी देल व्हता. घरात स्टीलचे डझनभर होते. पण ते तिच्यासाठी नाहीत." ते अगदी शांत बोलत होते, वर्गात शिकवावं तसं. "गावात सगळे तिच्याकडून सुई टोचून घ्यायचे. पाणी मात्र नाही."

"तुम्ही आईंना काही बोलला नाहीत?"

"हाऊ गिलास पॉलिप्रोपिलीन शे, एवढंच मायला सांगितलं," सर म्हणाले. "दुसरं काही बोलता येईना. नवीन नोकरी, नवीन लग्न, म्हातारी एकटी."

त्यांनी गिलासातलं उरलेलं पाणी संपवलं.

"मग म्हातारीला लकवा झाला. एक बाजू गेली. स्टीलचा पेला हातात पेलवेना, दातावर आपटायचा. हा हलका शे. तर ही रोज तिचं डोकं मांडीवर घेऊन ह्याच गिलासातून पाणी पाजायची. दोन वर्षं."

"आणि आई प्यायच्या?"

"पिनी ना," निंबा सर म्हणाले. "तहान लागेल व्हती."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. सरांनी गिलास विसळला, पंच्यात गुंडाळला आणि पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवला.