आमच्या खांबावरचं वायफाय

तक्रार कशी करावी हे माझ्याकडून शिका! मी पंखे दुरुस्त करतो, सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण माझा अर्ज गेला की पालिकेतला साहेब चहा अर्धा टाकून उठतो! निदान मला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी पालिकेनं गाजावाजा केला, 'संपूर्ण शहरात मोफत वायफाय!' चाळीस खांबांवर चाळीस पांढऱ्या पेट्या लागल्या. फिती कापल्या, फोटो निघाले. एक पेटी थेट आमच्या दारासमोर! मी त्याच दिवशी पक्कड घेतली आणि घरच्या इंटरनेटची वायर कचकन तोडली.

"अहो, आठ दिवस थांबा तरी!" बायको म्हणाली.

"जनतेचं इंटरनेट आल्यावर घरचं कशाला? दारात नळ आल्यावर कोणी विहीर खणतं का?"

"आपल्या नळाला पाणी किती वेळ येतं?"

तिला मधेच विषय बदलायची खोडच आहे.

मग कळलं, चाळीसपैकी एकोणचाळीस पेट्या दिवसा मेलेल्या! कारण ऐका आणि कपाळ बडवून घ्या. पेट्यांना वीज दिली होती रस्त्यावरच्या दिव्यांच्या वायरीतून. संध्याकाळी दिवे लागले की वायफाय चालू, सकाळी दिवे विझले की वायफाय गुल! ज्या शहाण्यानं हे डोकं चालवलं त्याला शाल-श्रीफळही मिळालं असेल. पुढच्या टप्प्यात म्हणे बसमध्येही वायफाय देणार. देतील की, बस डेपोत उभी असेल तेव्हा!

आमची पेटी मात्र दिवसाही चालायची. कारण आमच्या खांबावरचा दिवा गेली दोन वर्षं विझलाच नव्हता! रात्रंदिवस ढणढण! त्यामुळे सकाळपासून सगळी वस्ती आमच्या पायऱ्यांवर, गुळाला मुंगळे लागावेत तशी.

अशात मुलीची मुलाखत ठरली. मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात. चार ठिकाणी नकार पचवून ही पाचवी! पोरीनं आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकली होती. मुलाखत कॉम्प्युटरवर, सकाळी अकराला. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत जावयासारखी, आली तर आली. म्हणजे सगळी मदार खांबावर!

टेबल खिडकीशी ओढलं. मैत्रिणीचा लॅपटॉप मांडला. पडद्यावर टायवाले साहेब आले, मागे पुस्तकांनी गच्च कपाट.

"साहेब वाचणारे दिसतात," मी कुजबुजलो.

"बाबा, गप्प!"

पहिला प्रश्न छान गेला. दुसऱ्याला साहेब थिजले, न्हाव्यापुढे गाल फुगवून बसलेल्या गिऱ्हाईकासारखे! मी खाली डोकावलो. पायऱ्यांवर एकोणीस डोकी! धावत खाली गेलो.

"उठा! पायऱ्या माझ्या आहेत!"

"पायऱ्या तुमच्या, वायफाय जनतेचं!" शेजारच्या मावशी म्हणाल्या.

"मावशी, वर मुलीची मुलाखत चाललीय हो! दहा मिनिटं फोन खाली ठेवा!"

आणि काय सांगू, ठेवले! सगळ्यांनी! फक्त कोपऱ्यात उलट्या बादलीवर एक जण लॅपटॉपला चिकटलेला. कानांत इअरफोन, वर टाय, खाली हाफपँट! मी डोळे वटारले. त्यानं न बघताच एक बोट वर केलं. जाऊ दे म्हटलं, कारण वरून पोरीचा आवाज आता खळखळून येत होता. माझी छाती फुगली.

तेवढ्यात खांबाला शिडी लागली. पालिकेचा वायरमन!

"ए, कुठं चढतोस?"

"दिवा दिवसा जळतोय. तक्रार आहे."

"कोणा गाढवाची?"

त्यानं खिशातून कागद काढून उलगडला. अक्षर माझं! पेटी लागायच्या आधीचा माझाच सतरावा अर्ज! 'जनतेची वीज दिवसाढवळ्या जाळता, लाज कशी वाटत नाही?'

"अरे बाबा, दहा मिनिटं थांब!"

"काका, यात 'ताबडतोब' लिहिलंय. खाली तीन रेघा मारल्यात."

आणि खट्! दोन वर्षांत पहिल्यांदा दिवा विझला.

वरून पोरगी किंचाळली, "बाबा, साहेब गेले!"

खालून टायवाला ओरडला, "अरे, उमेदवार गेली!"

ती खिडकीतून वाकली. त्यानं वर पाहिलं. मागे पुस्तकांचं कपाट नव्हतं, आमचा कचऱ्याचा डबा होता.

"सर... तुम्ही इथे?"

"मागच्या गल्लीत राहतो," साहेब लॅपटॉपनं गुडघे झाकत म्हणाले. "मोफत मिळतंय म्हणून घरचं कनेक्शन काढून टाकलं."

पोरगी धडधड खाली आली. पण माझं तिकडे लक्ष कुठं! मी शिडी धरून गदागदा हलवत होतो.

"लाव दिवा! लावतोस की नाही?"

"काका, पडेन मी! लावायला नवा अर्ज लागतो!"

"अर्ज गेला खड्ड्यात! लाव आधी!"

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, घसा खाकरला आणि पोरीला म्हणाले, "शेवटचा प्रश्न. ग्राहक असा पिसाळलेला असेल, कोणाचंच ऐकत नसेल, तर काय कराल?"

ती वळली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "बाबा, शिडी सोडा. आत जा. पाणी प्या."

मी शिडी सोडली. आत गेलो. पाणी प्यायलो.

"असं, सर," बाहेरून ऐकू आलं.

"सोमवारपासून या!" साहेब म्हणाले.

पाण्याचा दुसरा पेला मी कोणी न सांगता घेतला.