आठ मोत्यांची राणी

एमामा बिर्केंनी नातीच्या लग्नात द्यायचा म्हणून गळ्यातला सात थालेरांचा, म्हणजे चांदीच्या जुन्या नाण्यांचा, हार उतरवला आणि जावयाने, अस्रातने, तो ‘जरा बघून देतो’ म्हणून हातात घेतला. सगळं तिथंच बिनसलं.

अस्रात देस्ये शहरातल्या पोस्टातून रिटायर झालेला. तीस वर्षं परक्यांच्या पाकिटांकडे संशयाने बघण्यात गेली, आता तीच नजर जुन्या नाण्यांकडे वळली होती. नाण्यांची झीज बघून प्रत ठरवता ठरवता तो टोमॅटोंचीही प्रत ठरवायला लागला (म्हणून बायको, अत्सेदे, त्याला बाजारात पाठवत नसे). हार आणि भिंग घेऊन तो खिडकीशी बसला. थालेरवरची राणी सगळीकडे तीच, सालही सगळीकडे १७८०. खरंखोटं ओळखायचं ते राणीच्या खांद्यावरच्या पिनेचे मोती मोजून. ते नऊ हवेत. सहा राण्या नऊ मोत्यांच्या निघाल्या. सातवीचे आठच. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजले. आठच. शिवाय कडेला साच्याची रेघ, अंग खरबरीत, आणि नखाने वाजवल्यावर आवाज पत्र्याच्या डब्याचा.

खरं तर अस्रातला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला गुदगुल्या झाल्या. आयुष्यातलं पहिलं खोटं नाणं त्याने स्वतः पकडलं होतं. आता चोर पकडायचा तेवढा बाकी होता. गेल्या वर्षी कडी तुटली तेव्हा हार सोनाराकडे कोणी नेला? मेहुण्याने, बेलायने. आणि बेलायने नवे बूट कधी घेतले? गेल्याच वर्षी. (पोस्टात याहून कमी पुराव्यावर त्याने लोकांची पार्सलं अडवली होती.)

रविवारी कॉफीला सगळे जमले. रिवाजाच्या तीन वाट्यांपैकी दुसरी फिरत असताना अस्रातने घसा खाकरून बुटांचा विषय काढला आणि मग थालेरचा. बेलायने वाटी खाली ठेवली. मामा चोर असेल तर लग्न मामाशिवाय होऊ दे, असं शांतपणे म्हणून तो उठला. नवरी, म्हणजे अस्रातचीच मुलगी, रडायला लागली.

“तिचा मामा येणार नसेल,” अत्सेदे म्हणाली, “तर तुम्हीही येऊ नका.”

लग्न पाच दिवसांवर आलं होतं. अस्रातने भिंग खिशात टाकलं.

“बेलाय, बस खाली,” एमामा म्हणाल्या. “अस्रात, किती मोती म्हणालास?”

“आठ, एमामा.”

“बरोबर. आम्हीही आठच मोजले होते.”

“कधी?”

“तुझ्या साखरपुड्याला. तूच आणलेला थालेर तो. तू बाहेर जेवणाची वाट बघत पाहुण्यांत बसला होतास, तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी मागच्या अंगणात दगडावर टाकून बघितला. जावयाने दिलाय म्हणून मी आपला हारात ओवून घेतला.”

अस्रातला ते दुकान आठवलं. ढिगातून सगळ्यांत चकचकीत म्हणून त्याने तो स्वतः निवडला होता, दुकानदार दुसरा दाखवत असताना.

“तुम्हांला कळलं होतं?” त्याने विचारलं. “मग मुलगी दिलीत कशी?”

एमामांनी तिसरी वाटी भरून आधी बेलायपुढे ठेवली.

“मेंढा कापून झाला होता, बाळा.”