चाचणी सहल, वर्ष तिसरे

माणूस घरदार सोडून निसर्गाच्या सान्निध्यात जातो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त गरज भासते ती घराची. म्हणूनच आम्ही नेब्रास्कातल्या विचारी लोकांनी घर सोबत नेण्याची पद्धत स्वीकारली आहे. पिकअप ट्रकच्या हौद्यात एक भक्कम लोखंडी कडी बसवायची, तिला छत्तीस फुटी ट्रेलर जुंपायचा आणि निघायचं. ट्रेलरमध्ये पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, विजेवरची शेकोटी (ज्वाळा खोट्या, ऊब मिळाल्यास मिळेल) आणि बटण दाबताच बाहेर सरकून दिवाणखाना मोठा करणाऱ्या भिंती असतात. यातला 'निघायचं' हा टप्पा वगळला तर पद्धत निर्दोष आहे.

मी स्वतः सहा वर्षं ट्रेलरमालक आहे आणि प्लम क्रीक कॅम्पग्राउंडच्या तयारी समितीचा चिटणीस आहे. गेल्या उन्हाळ्यात समितीने इथल्या एक्केचाळीस मालकांची पाहणी केली. एक्केचाळीसही जण पूर्ण समाधानी निघाले. त्यांपैकी तेहतीस जणांनी अद्याप जिल्ह्याची हद्द ओलांडलेली नाही. सात जणांनी ओलांडली, त्यांना ओढून परत आणावं लागलं. उरलेला एक गृहस्थ आपण माँटानापर्यंत जाऊन आल्याचं सांगतो, पण त्याच्या ट्रेलरला काहीच झालेलं नसल्यामुळे त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

वेंडेल हाव्लिक हा आमचा आदर्श सदस्य. धान्याच्या कोठारावर बत्तीस वर्षं वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला, काटेकोर माणूस. त्याची बायको लोर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. लोर्नाची मोठी बहीण ट्रूडी ओरेगॉनला असते, इथून पंधराशे मैलांवर. तीन वर्षांपूर्वी ट्रूडीचा फोन आला की तिची नजर जात चालली आहे.

"डॉक्टर म्हणतो, दोन-तीन वर्षं," ट्रूडी म्हणाली. "तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा. नंतर आलीस तर नुसता आवाज ऐकावा लागेल, तो मी फोनवर ऐकतेच आहे."

लोर्नाने त्याच दिवशी बॅग काढली. पण वेंडेलला परक्या उशीवर झोप येत नाही. मोटेलच्या चादरींबद्दल त्याची मतं ठाम आहेत. दोघांनी आरामात, आपल्या अंथरुणात झोपत ओरेगॉनला जावं म्हणून त्याने ट्रेलर घेतला. हे सगळं त्याने लोर्नासाठीच केलं, हे मला इथे नोंदवायचं आहे, कारण पुढे ते विसरायला होतं.

आता, नवा ट्रेलर घेऊन कोणी थेट ओरेगॉनला जात नाही. आधी घराजवळ एक चाचणी सहल करायची असते. नव्या ट्रेलरमध्ये दोष असतातच, आणि ते हुडकण्याचा मान कारखान्याने मालकासाठी राखून ठेवलेला आहे. तेव्हा दोन दिवस जवळपास मुक्काम करावा, दोष टिपावेत, दुरुस्त करून घ्यावेत आणि मग लांब जावं. रीत अत्यंत शहाणपणाची आहे. हाव्लिक जोडपं प्लम क्रीकला प्लॉट क्रमांक एकोणीसवर आलं. त्यांच्या घरापासून हे अंतर अकरा मैल भरतं. त्यांच्या गावची पाण्याची टाकी तिथून दिसते.

पहिल्या सहलीत सापडलेले दोष: न्हाणीघराचं दार बाहेरून उघडतं, आतून नाही. मैल्याची टाकी रिकामी असताना 'भरली' आणि भरलेली असताना 'रिकामी' दाखवते (दुसऱ्या प्रकारात फार त्रास झाला). छताचं सील दोन जागी सुटलेलं. मायक्रोवेव्ह सुरू केला की शेकोटी पेटते. शिवाय भिंत आत सरकताना अर्ध्यावर अडकली तेव्हा लोर्ना शेगडी आणि सोफ्याच्या मध्ये सापडली आणि तीन तास तिथेच उभी राहिली. एरवीही ती स्वयंपाकघरात तेवढा वेळ उभी असतेच, अशी नोंद वेंडेलने प्रामाणिकपणे केली.

विक्रेत्याच्या कार्यशाळेने सात महिन्यांनंतरची तारीख दिली. भिंतीची मोटर आली ती डाव्या बाजूची, अडकली होती उजवी. ट्रेलर दुरुस्त होऊन आला तोवर वसंत ऋतू आला होता, आणि दुरुस्त झालेला ट्रेलर तत्त्वतः नवा ट्रेलर असल्यामुळे पुन्हा चाचणी सहल करणं भाग होतं. आमचे अध्यक्ष रॉस्को टिमन हे निवृत्त अग्निशमन अधिकारी आहेत. त्यांनी नियमच करून टाकला आहे: एकही दोष न सापडता चाचणी सहल पार पडेपर्यंत लांबचा प्रवास करू नये. वेंडेलने हा नियम छापून फ्रिजवर लावला. फ्रिज तेव्हा चालत नव्हता.

"वेंडेल, ट्रूडीला आता पेपर वाचता येत नाही," दुसऱ्या वर्षी लोर्ना म्हणाली.

"छताचं सील वाळलं की निघू."

"वाळू दे. उरलं तर थोडं तिच्या डोळ्यांना लावू."

वेंडेलला हा टोला लागला. पुढच्या दोन दिवसांत त्याने सगळ्या बेअरिंगांना ग्रीस भरलं.

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र चमत्कार झाला. पाच दिवस मुक्काम करून एकही दोष सापडला नाही. रॉस्कोने स्वतः ट्रेलरखाली झोपून पाहिलं. सहाव्या दिवशी सकाळी ओरेगॉनला प्रस्थान ठरलं. अख्खं कॅम्पग्राउंड घडीच्या खुर्च्या घेऊन जमलं. एरवी कोणी ट्रेलर मागे घेताना झाडावर घालतो तेव्हाच इतकी गर्दी होते.

आमची प्रस्थानाची यादी शहाऐंशी कलमांची आहे. रॉस्को एकेक कलम वाचत होता, वेंडेल हात लावून "झालं" म्हणत होता आणि मी खूण करत होतो. एकावन्नाव्या कलमानंतर आठ नंबरच्या प्लॉटवरच्या बाईंनी कोलाचे, म्हणजे जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव, आणले, ताजे, हाताला चटका बसेल असे. रॉस्कोने एक उचलला, बोटं पुसली आणि पुढे वाचलं: "त्रेपन्न." बावन्नावं कलम असं होतं: ट्रेलर कडीत पक्का अडकला आहे का, हे ट्रक किंचित पुढे ओढून पाहणे. तो चौकोन रिकामा राहिला होता. पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी तिथेही खूण केली.

ट्रक चार फूट पुढे गेला. ट्रेलर जागेवरच राहिला आणि मग त्याचं नाक ट्रकच्या हौद्यावर बसलं. हौद्याच्या दोन्ही बाजू पत्र्याच्या डब्यासारख्या चेपल्या. मग रॉस्को म्हणाला, "मागची काच शाबूत आहे," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लोर्ना ट्रकमधून उतरली. तिने मागच्या सीटवरून बॅग घेतली आणि माझ्याकडे आली.

"मला घरी सोडतोस का?"

"कुठे निघालीस?" वेंडेलने विचारलं.

"ओरेगॉनला."

"कशाने?"

"माझ्या जुन्या गाडीने. तिला मागे काही लटकलेलं नाही."

"आणि झोपणार कुठे?"

"दुसऱ्याच्या उशीवर," लोर्ना म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "चल ना रे तूही."

वेंडेलने ट्रेलरकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "हे असं उघडं टाकून कसा येऊ? दुपारी पाऊस सांगितलाय."

ती थांबली. चांगलं मिनिटभर थांबली. तेवढ्या वेळात मी खुणेबद्दल बोलू शकलो असतो, पण बोललो नाही. मला त्याची अजून लाज वाटते. मग मी तिला अकरा मैलांवर घरी सोडलं. रस्ता अठरा मिनिटांचा आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आम्ही समितीचे लोक ट्रकला पडलेल्या पोच्यांची मापं घेत होतो, वेंडेलने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पोचले. तिने दारातच ओळखलं मला. म्हणाली, 'केवढी सुटलीस गं, म्हणूनच दिसलीस!'" लोर्ना हसली आणि हसता हसता रडायला लागली. "समोरचं दिसत नाही तिला, वेंडेल. डोळ्याच्या कडेने तेवढं दिसतं. म्हणून मान तिरकी करून बसलीये. मी आल्यापासून माझ्याकडेच बघत बसलीये."

"वाटेत वारा कसा होता?" वेंडेलने विचारलं. फोन ठेवल्यावर त्याने पाना घेतला आणि आधीच घट्ट असलेला एक नट आवळत बसला.

समितीने जुलैच्या बैठकीत ठराव केला. लोर्ना हाव्लिक यांचा प्रवास कोणत्याही चाचणीविना, यादीविना व अनुभवी व्यक्तींच्या सल्ल्याविना झालेला असल्याने तो प्रवास म्हणून धरता येत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. वेंडेलनेही हात वर केला, अर्धाच. यादीत नऊ कलमं वाढवली आहेत. ट्रकचे पत्रे आले, ट्रेलरची कडी बसली, की वेंडेल नव्याने चाचणी सहल करून ओरेगॉनला जाणार आहे.

हे वाचून तुम्हाला त्याची कीव आली असेल. समितीची हरकत नाही. नोंदवहीसाठी फक्त एवढं कळवा: 'जरा हे एवढं मार्गी लागलं की येतोच' असं तुम्ही ज्या माणसाला सांगून ठेवलं आहे, त्याचं नाव काय, आणि त्याला अजून कितपत दिसतं? घाई नाही, सवडीने कळवा. सदस्यांच्या यादीत तुमचं नाव आम्ही आधीच घातलेलं आहे.